गोल कॅनव्हासवरची विनता

सुताराने कॅनव्हास आणला तो रस्त्यावरून घरंगळत. दोघांनी धरून आणावा एवढा मोठा गोल, लाकडी कड्यावर ताणून ठोकलेला. पण सुतार एकटा होता आणि त्याला पुढच्या कामाची घाई होती, म्हणून त्याने कडेला गोणपाट गुंडाळलं, गोल उभा केला आणि हाताने ढकलत गल्लीभर चालवत आणला. पडदेमास्तर सकाळपासून खिडकीत उभेच होते. गोल दिसताच त्यांनी वरूनच सूचनांचा भडिमार सुरू केला: हळू घे, डावीकडे खड्डा आहे, कुत्र्याला आधी हाकल. सुताराने मान वर करून शांतपणे विचारलं, की मास्तर, मी हा आणतोय की तुम्ही?

मास्तरांचं सगळं आयुष्य नाटक कंपनीचे पडदे रंगवण्यात गेलं होतं. राजवाडा म्हणा, अरण्य म्हणा, तुरुंग म्हणा, नदीकाठचं देऊळ म्हणा. सकाळी कोरं कापड जमिनीवर अंथरायचं, सरसाच्या चिकट पाण्यात कालवलेल्या रंगांच्या बादल्या घ्यायच्या, लांब दांडीचे ब्रश घेऊन त्या कापडावरून अनवाणी चालत सुटायचं, आणि संध्याकाळी तिसऱ्या घंटेला पडदा वर. नटमंडळी मेकअप करत असायची तेव्हा मास्तर पाठीमागे शेवटच्या झाडाला पानं लावत असायचे. एकदा तर नायिका प्रवेश करून उभी राहिली तरी तिच्या मागचा चंद्र ओला होता, आणि तिच्या खांद्याला तो अर्धा लागला. प्रेक्षकांना वाटलं, दिग्दर्शकाची कल्पना आहे. टाळ्या पडल्या.

पण नाटक उतरलं की पडदाही उतरायचा. कापड महाग, रंग स्वस्त, आणि रंगवणारा त्याहून स्वस्त, असं मास्तर हसत म्हणायचे. मागच्या आवारात पडदा पसरायचा आणि त्याच्यावर पाणी मारायचं. सरसातला रंग पाण्यापुढे टिकत नाही. राजवाडा मोरीतून वाहून जायचा, अरण्य हिरवट ओघळ होऊन त्याच्या मागे जायचं. कापड वाळलं की त्याच्यावर पुढचं नाटक. हे सगळं इतकी वर्षं चाललं, की मास्तरांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. कंपनी बंद पडली, मास्तर घरी बसले, आणि मग एके दिवशी दाढी करता करता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या हातचं एकही चित्र आज जगात उरलेलं नाही. दाढी अर्धी टाकून ते बाहेर आले आणि बायकोला तसं म्हणाले. बायको म्हणाली, आधी साबण पुसा.

बायको कंपनीच्या कपडेपटावर होती. राजांचे अंगरखे उसवायचे आणि सेनापतींना बसवायचे, हे तिचं काम. आता ती घरी लोकांचे कपडे दुरुस्त करायची. तिच्याइतकं एका जागी बसू शकणारं माणूस शोधून सापडलं नसतं आणि मास्तरांइतकं न बसू शकणारंही. दोघांचा संसार टिकला तो या हिशोबावरच, असं शेजारचे म्हणत.

आणि अशात नाट्यगृहाच्या मालकीणबाईंचं बोलावणं आलं. नाट्यगृहाची डागडुजी चालली होती. रंगमंचाच्या कमानीवर बरोबर मध्ये एक गोल खळगा होता. त्यातली जुनी नक्षी ओल येऊन पडली होती. तिथे बाईंना चित्र हवं होतं. तेलरंगातलं, फडक्याने पुसलं तरी राहील असं. मी गेले तरी ते तिथे असलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या, आणि मास्तर बसल्या जागचे उठून उभे राहिले. पण बाई व्यवहाराच्या पक्क्या. त्यांनी लगेच पुढचंही सांगून टाकलं: आधी सुरुवात दाखवा. चेहरा दाखवा. तो बघून मी काय ते ठरवीन. नाहीतर हल्ली कापडावर छापून देतात, उद्घाटनाला तेवढं पुरे.

मास्तरांनी तिथल्या तिथे सांगितलं, की मी विनता काढणार.

बाईंना वाटलं होतं, एखादी वीणा घेतलेली देवी किंवा फुलं उधळणाऱ्या अप्सरा. विनता कोण, हे त्यांना आठवायला वेळ लागला. मग मास्तरांनी उभ्या उभ्या, दोन्ही हात वापरून, ती गोष्ट सांगितली. दोघी बहिणी, दोघी सवती. कद्रू आणि विनता. कद्रूने हजार नाग मागितले, विनतेने दोनच मुलगे, पण त्यांच्याहून बलवान. दोघींना अंडी झाली. कद्रूची फुटली, घर नागांनी भरून गेलं; विनतेची दोन अंडी मात्र तशीच गप्प. युगं गेली. शेजारी सवतीची पोरं वळवळताहेत आणि आपल्या अंड्यात हालचाल नाही. शेवटी तिला राहवेना. तिने एक अंडं फोडलं. आत मुलगा होता, पण कमरेपर्यंतच घडलेला. त्याने आईला शाप दिला, आणि दुसऱ्या अंड्याला तरी हात लावू नकोस, असं बजावून तो आकाशात गेला. तो अरुण. सूर्याचा सारथी. रोज आपल्याला आधी दिसतो तो तोच.

बाई म्हणाल्या, की नव्या सुरुवातीला फुटलेलं अंडं बरं दिसेल का. मास्तर म्हणाले, फुटलेलं नाही, फुटायच्या आधीचं. हात वर गेलाय, अंड्याला नुसती चीर गेलीय, आणि आतून पहाट दिसतेय. लोक खुर्चीत बसून पडदा उघडायची वाट बघत असतात ना, त्यांच्या डोक्यावर याहून योग्य चित्र कुठलं? बाईंनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं. घरी येईपर्यंत मास्तर अर्धे धावतच होते.

तर तो कॅनव्हास आता पुढच्या खोलीत होता आणि खोलीत दुसरं काही मावत नव्हतं. मास्तरांनी तो सवयीने जमिनीवर टाकला, कोळसा घेतला आणि अडकले. पडद्याला कोपरा असतो. कोपऱ्यातून सुरुवात करायची, खाली जमीन, वर आकाश, मध्ये खांब. गोलाला कोपराच नाही. ते त्याच्याभोवती फिरू लागले. एका बाजूने खांदा काढला, फिरून दुसऱ्या बाजूने हात काढला, तिसऱ्या बाजूने अंडं. बायको दारात उभी राहून बघत होती. शेवटी दोघांनी मिळून गोल भिंतीला टेकवून उभा केला, तेव्हा विनता अशी तिरपी झाली होती, की जणू बोटीतून पडतेय. बायको म्हणाली, हिला आधी पोहायला शिकवा. मास्तरांनी फडक्याने सगळं झटकलं आणि पुन्हा मांडलं, या वेळी उभ्यानेच.

विनता म्हणून बायकोच बसली. कंपनीच्या पडद्यांवरच्या सगळ्या देव्या, अप्सरा आणि एक राक्षसीण तिनेच बसून दिली होती. अंडं म्हणून मांडीवर उशी. ती बसली ती दगडासारखी. मास्तरांनी भराभर चेहरा मांडला, मागे सरकले, पुढे गेले, पुन्हा मागे सरकताना टर्पेंटाइनच्या डब्याला पाय लावला. बायको उठून समोर आली आणि चष्मा लावून नीट बघितलं.

"ही अंडं फोडणार नाही," ती म्हणाली. "ही त्याच्यावर बसून स्वेटर विणील."

"मग तू जरा घाईत दिस ना."

"मला कसली घाई? घाई बघायची असली तर आरशात बघा."

मास्तर चिडले, पण तिने मेकअपचा जुना आरसा आणून खुर्चीवर उभा केला तेव्हा त्यांनी त्यात बघितलं. भुवया आवळलेल्या, ओठ बोलायच्या आधीच उघडलेले, नजर पुढच्या कुठल्यातरी क्षणाला जाऊन चिकटलेली. त्यांनी खांदे, हात, मान बायकोची ठेवली, आणि भुवया आणि तोंड आरशातलं घेतलं. आता विनता खरंच विनता दिसू लागली. कोळशाच्या रेघांतच ती अशी काही तडफडत होती, की बायकोने उशी खाली ठेवली आणि ती चहा टाकायला गेली.

रंग सुरू झाले ते दुसऱ्या दिवशी. घरभर अळशीच्या तेलाचा वास. मास्तर तेलरंग तरुणपणी शिकले होते, पण मधली सगळी वर्षं हात सरसाच्या बादल्यांत गेला होता. त्यांनी पॅलेटवर रंग काढले, मिसळले, आणि एका सकाळीत अख्खा चेहरा, मान, उचललेला हात भरून काढला. न थांबता, पाणीही न पिता. रंग लागत होते ते दाट, गडद, मातकट; गालाला वीट, कपाळाला तांबं, डोळ्यांखाली जवळजवळ जांभळं. त्यांना ते बरोबरच वाटत होतं. दुपारी त्यांनी मालकीणबाईंना निरोप धाडला.

बाई जिना चढून आल्या, दम घेतला आणि बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. तोंड त्यांना आवडलं. ते त्यांनी दोनदा सांगितलं. मग जरा चाचरत म्हणाल्या, की मास्तर, ही फार काळवंडलेली दिसते. कमानीवर, दिवे मंद झाल्यावर, हिचं काही दिसणार नाही.

मास्तरांनी हसून हात झटकला. "ओलं आहे म्हणून, बाई. वाळलं की उजळेल."

बाईंनी मास्तरांचे पडदे आयुष्यभर बघितले होते. सकाळी काळाकुट्ट वाटणारा राजवाडा संध्याकाळी सोन्यासारखा झालेला त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी मान हलवली, उजळली की कळवा म्हणाल्या आणि गेल्या.

मग सुरू झालं वाट बघणं. मास्तर सकाळी उठले की आधी चित्रापाशी. जेवताना पानावरून उठून चित्रापाशी. खिडकी उघडी ठेवून बघितली, बंद करून बघितली. टेबलफॅन लावला, तर बायकोच्या शिवणाचे धागे उडून विनतेच्या कपाळाला चिकटले आणि ते चिमट्याने काढावे लागले. बोट लावलं की बोटाला रंग. पुन्हा लावलं, पुन्हा रंग. रस्त्यावर फेरी मारायला म्हणून निघायचे आणि अर्ध्यातून परत यायचे. दुकानात साबण आणायला गेले आणि नुसतेच आले. झोपेतसुद्धा पाय हलत होते. बायकोने एकदोन दिवस बघितलं, आणि मग सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"तुम्ही नेमकी कशाची वाट बघताय?"

"उजळायची."

तिने दोरा ओवला, गाठ मारली, उरलेला दाताने तोडला. "अहो, हे तेल आहे ना?"

मास्तर उभे होते तिथेच राहिले. भरल्या प्रयोगात आपलं वाक्य विसरलेला नट असाच उभा राहतो. चेहऱ्यावरचं हसू तसंच असतं आणि डोळ्यांतून सगळं निघून गेलेलं असतं. सरसाचा रंग वाळला की फिका होतो, चांगला तीन-चार छटा फिका. म्हणून पडदेवाला तो आधीच गडद कालवतो. न विचार करता, हाताला सांगावंसुद्धा लागत नाही. तेलरंग फिका होत नाही. लावला तसा राहतो. हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. नव्या शिकाऊंना त्यांनी स्वतः हे सांगितलं होतं. पण हाताने आपलं जुनं काम केलं होतं आणि जिभेने हाताला साथ दिली होती, तीही बाईंच्या तोंडावर.

त्यांनी मोठं फडकं घेतलं, टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवलं, पिळलं आणि चित्राकडे निघाले. रागाने नव्हे. उलट, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं पाऊल शांत पडत होतं. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. चुकलं, संपलं, उतरलं, की धुवायचं. उद्या कोरं कापड.

बायको उठली. ती मध्ये आली नाही, तिने हातही धरला नाही. शिवण मांडीवरून काढून खुर्चीवर ठेवलं, एवढंच.

"तुम्ही धुतलेले सगळे पडदे मी वाळत घातलेत," ती म्हणाली. "एकदासुद्धा का म्हणून विचारलं नाही. हा मी घालणार नाही."

मास्तर म्हणाले, की चुकलंय ते. ती म्हणाली, रंग चुकलाय, तोंड चुकलेलं नाही. आणि हे तोंड पुसलंत तर पुन्हा येणार नाही, कारण पुढच्या वेळी तुम्ही ते नीट काढायला जाल. अंधारातून वर उजेड चढवता येतो का तेलात, एवढं सांगा. मास्तरांनी खरं ते सांगितलं, की येतो. तेलात तीच तर सोय आहे. पण खालचा थर पुरता वाळायला हवा, मग वरचा, मग तो वाळायला हवा, मग त्याच्या वरचा. मध्येच हात घातला तर चिखल. उद्घाटनापर्यंत एखादाच थर होईल.

"मग उद्घाटनापर्यंत नाही होणार," बायको म्हणाली, आणि खाली बसून तिने शिवण उचललं.

फडक्यातून टर्पेंटाइन टपकत होतं. मास्तरांनी ते डब्यात टाकलं, चपला अडकवल्या आणि तसेच नाट्यगृहावर गेले. वाटेत त्यांनी बाईंना काय सांगायचं ते मनात तीनचारदा घोकलं, आवाजाचे चढउतार ठरवले, कुठे थांबायचं तेही ठरवलं. प्रत्यक्षात दारात उभं राहून एवढंच निघालं, की बाई, ती उजळणार नाही. मी चुकीचं बोललो.

बाईंनी त्यांना आत बसवलं. त्यांच्या खोलीत सगळीकडे ताज्या चुन्याचा वास होता आणि कोपऱ्यात कापडाची एक गुंडाळी उभी होती. मास्तरांची नजर तिच्यावर गेली. बाईंनी ती गेलेली बघितली आणि खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, पण घरी जाताना मन खायला लागलं, म्हणून छापून ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. मास्तरांनी दाखवा म्हटलं. बाई नको म्हणत होत्या, मास्तरांनी आग्रह धरला. गुंडाळी जमिनीवर उलगडली. हातात दिवा घेतलेली गोरीपान बाई, स्वच्छ निळं आकाश, हसू अगदी भरपूर.

मास्तर भोवती एक चक्कर मारून आले. "दात चांगले आहेत," ते म्हणाले.

बाईंना हसू फुटलं आणि मग अवघडायलाही झालं. त्या म्हणाल्या, की तुम्ही लावू नका म्हणालात तर मी लावणार नाही, जागा रिकामी ठेवीन. पण समोरचे दात पडल्यासारखं दिसेल ते, पहिल्याच दिवशी.

आता सगळं मास्तरांवर आलं. त्यांच्या जिभेवर शब्द तयार होते: उद्घाटनाच्या आत पुरं करून देतो. आयुष्यभर ते हेच बोलले होते आणि एकदाही खोटे पडले नव्हते. तिसरी घंटा आणि पडदा वर. हे शब्द बोलले की पाय मोकळे होणार होते, रात्रंदिवस हात चालणार होता, आणि विनता कमानीवर चढणार होती. ओली, घाईघाईत उजळलेली, वर्षभरात तडे जाणारी. मग कोणीतरी शिडी लावून ती उतरवणार होतं. त्यांनी शब्द गिळले.

"हे लावा," ते म्हणाले. "पण चिकटवू नका. खिळ्यांवर ठोका."

"का?"

"काढायचंय ना ते."

बाईंनी विचारलं, कधी.

"ते नका विचारू. तारीख दिलीत तर मी पाळीन, आणि चित्राची वाट लावीन."

मास्तरांचं वय बाईंना माहीत होतं आणि मास्तरांनाही. बाईंनी बाहेर जाऊन वीजवाल्याला बोलावलं आणि मास्तरांच्या समोरच सांगितलं, की हे कापड चार खिळ्यांवर लागेल, डिंक लावायचा नाही, आणि खळग्यातला दिवा जरा झुकता बसव, चित्रं काळोखी असतात काही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही, कारण फार काही घडलं नाही. घडू द्यायचं नव्हतं. मास्तरांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं, ते उलटं करून बघितलं, पुन्हा वळवलं. घरातली सगळी दारं तेल घालून मऊ केली. बायकोची शिवणाची पेटी रंगवून दिली, तिने न मागता. उद्घाटनाला दोघं गेले; छापील बाई वरून हसत होती आणि प्रेक्षकांपैकी कोणी वर बघितलंही नाही, याचं मास्तरांना आधी बरं वाटलं आणि मग वाईट. घरी येऊन त्यांनी विनतेच्या गालाला करंगळी टेकवली. करंगळी कोरी आली.

सकाळी उजेड झाल्यावर त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला. चेहऱ्याला हात लावला नाही. अंड्याच्या चिरेत, त्या काळ्या-तांबड्या दाटीत, फिकट पिवळ्याची एक रेघ सोडली. रेघ केसाएवढी होती. पण अंडं आतून जागं झाल्यासारखं दिसलं, आणि विनतेच्या हनुवटीखाली आता उजेड यायला हवा, हे त्यांना लख्ख दिसलं. तिथून गळ्यावर, तिथून उचललेल्या तळहाताच्या कडेला. सगळं चित्र त्यांना एका क्षणात पुरं दिसलं. ब्रश तिकडे निघालाही होता. हनुवटीखालचा रंग मात्र जाड होता, तिथे अजून आत ओल होती.

मास्तरांनी ब्रश डब्यात ठेवला.

बायकोने चष्म्यावरून बघितलं. "झालं आजचं?"

"झालं," मास्तर म्हणाले, आणि फिरायला म्हणून बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, दारातून चित्राकडे बघितलं, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा बायकोने उठून त्यांच्या हातात कढीचं भांडं घासायला दिलं.